मरखेलकर बाईंची मापाची वही

परवा शुक्रवारी क्लास सुटल्यावर एक आई माझ्यासमोर मोबाइल धरून उभी राहिली. लातुरात मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो, त्यामुळे मोबाइल धरून उभे राहणारे पालक मला नवे नाहीत. बहुतेकांना मार्क दाखवायचे असतात. या बाईंना दुसरंच काही दाखवायचं होतं. त्यांच्या मुलीची हॉस्टेलवरच्या पोरींनी ग्रुप काढून टिंगल चालवली होती. तिचे झोपेतले फोटो, तिच्या बोलण्याची नक्कल, बरंच काही. मुलगी चार दिवस जेवली नव्हती.

"बसा," मी म्हणालो. "आधी काहीही डिलीट करू नका. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. कुणी, कधी, काय लिहिलं ते कागदावर उतरवा. मुलीला विचारू नका, तू काय केलं होतंस म्हणून. तिचा फोन काढून घेऊ नका, तिला ती शिक्षा वाटेल. मुलांच्या मदतीचा फुकट नंबर आहे, तिथं फोन लावा, मग सायबर पोलिसांकडे जाऊ. मी येतो सोबत."

मी हे सगळं एका दमात बोलतो. पाठ झालंय. त्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "सूर्यवंशी सर, तुम्हाला किती माहिती आहे हो! देवमाणूस आहात."

"हे मला आमच्या एका बाईंनी शिकवलंय," मी म्हणालो. हेही मी नेहमी सांगतो. का शिकवावं लागलं, ते सांगत नाही.

त्या मरखेलकर बाई. देगलूरच्या एका शाळेत मी सात वर्षं विज्ञान शिकवत होतो, आणि त्या तिथं शिवणकाम शिकवत. वेळापत्रकात त्याला कार्यानुभव म्हणायचे, आणि गणिताच्या सरांना जादा तास हवा असला की पहिला गळा कार्यानुभवाचाच कापला जायचा. बाईंना त्याचं काही वाटत नसे. शिवणाची खोली व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपलीकडे होती. तिथं दोन मशिनी, त्यातली एक कायमची आजारी, एक लांब बाकडं, आणि गळ्यात टेप अडकवलेल्या बाई. ती टेप मी त्यांच्या गळ्यातून उतरलेली कधी पाहिली नाही. झेंडावंदनालाही ती तिथंच असायची.

बाईंची आई तेलंगणाकडची, सासर कर्नाटकाच्या हद्दीला लागून. त्यामुळे त्यांच्या तोंडी तीन भाषा एकाच ताटात वाढलेल्या असत. पोर दारात घुटमळलं की त्या मान वर न करता म्हणायच्या, "रा रा, कूर्चो." म्हणजे ये, ये, बस. पोर बसलं की दोऱ्याचं रीळ आणि सुई पुढं करायच्या. "एवढी ओवून दे की गं. मला मेलीला दिसत न्हाई."

पोर सुई ओवायला घ्यायचं. एक ओवून झाली की दुसरी. मग बटणं लावायला दोनचार शर्ट. बाई काही विचारायच्या नाहीत. हात चालू झाला की पोराचं तोंड आपोआप उघडायचं, आणि बाई शिवता शिवता एवढंच म्हणायच्या, "हं. मग?" बाप मारतो, हं, मग? मावशी शाळा सोड म्हणते, हं, मग? त्या "मग"मध्ये नवल नसे, दया नसे, घाई तर अजिबात नसे. पुढचं वाक्य कुणालाही टाळता येत नसे. शाळेतल्या पोरींची निम्मी दुखणी त्या बाकड्यावर बाहेर पडली असतील. उरलेल्या निम्म्यांचा आम्हाला कधी पत्ताच लागला नाही.

एकदा मधल्या सुट्टीत मी खोलीवरून जात होतो. आत बाई एकट्याच होत्या. त्यांनी दोरा जिभेवर ओला केला, सुई उजेडाकडे धरली आणि पहिल्याच फटक्यात ओवली. मी दारातून म्हणालो, "बाई, दिसतं की हो तुम्हाला!"

"सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. माझं दुकान बंद पडंल."

भिडेखातर गप्प बसणं त्यांना जमत नसे. एकदा शिक्षणाधिकारी तपासणीला आले. सगळी शाळा चुना लावून उभी होती. साहेबांनी शिवणाच्या खोलीत डोकावून विचारलं, "कार्यानुभवातून मुलं नेमकं काय शिकली?" बाईंचं लक्ष साहेबांच्या कोटाकडे होतं. "बटण लोंबून राहिलंय, साहेब. हलू नका," म्हणत त्यांनी सुई घेतली आणि कोट अंगावर असतानाच बटण शिवायला घेतलं. छातीपाशी सुई चाललेली असताना कोण हलणार? तेवढ्या वेळात बाईंनी सांगितलं की दुसरी मशीन दोन वर्षांपासून बंद आहे, अर्ज चार वेळा दिलाय, आणि पोरी पाळीपाळीनं एका मशीनवर शिकतात. दोरा दातांनी तोडून त्या म्हणाल्या, "झालं. आता तुमचं पक्कं बसलं, आमचं बघा." महिन्याभरात मशीन दुरुस्त झाली. आम्ही स्टाफरूममध्ये आठवडाभर हसत होतो. ते हसणं चांगलं होतं. आमच्या स्टाफरूमला दुसऱ्या जातीचं हसणंही येत होतं, आणि त्यात मी पुढं असायचो.

मला हशा आवडायचा. वर्गात हशा पिकला की तास चांगला झाला, असं मी समजायचो. त्यापायी एखाद्या पोराला उभं करून त्याची फिरकी घेणं हा माझा हातखंडा होता. पोरं मला "लई भारी सर" म्हणायची, आणि मी ते खरं मानून चाललो होतो.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. कोरोनानंतर शाळा पुन्हा नीट सुरू झाल्या होत्या, तरी अर्धा गृहपाठ अजून मोबाइलवर चालायचा. नववीला मी हवेच्या दाबाचा प्रयोग दिला. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला, वर जाड कागद, पेला उलटा करायचा, पाणी सांडत नाही. "घरी करा, व्हिडिओ काढा आणि माझ्या नंबरवर पाठवा," मी सांगितलं. वर हशा पिकवायला एक वाक्य जोडलं. "विज्ञानावर विश्वास असेल तर डोक्यावर धरून दाखवा!"

चाळीसातल्या एकोणचाळीस पोरांनी पेला बादलीवर धरला. शिवकांतानं डोक्यावर धरला.

ती देगलूरपासून सहा किलोमीटरवरच्या खेड्यातून सायकलनं यायची. वडील बसप्पा, थोडी शेती आणि मोंढ्यात धान्य मोजायचं, मापाड्याचं काम. व्हिडिओ त्यांनीच काढलेला. अंगणात शिवकांता गणवेशात उभी, दोन घट्ट वेण्या. कागद म्हणून तिनं लग्नाची पत्रिका घेतली होती. पेला उलटा केला, डोक्यावर नेला, हात काढला आणि सगळं पाणी धबकन तिच्या डोक्यावर. वेण्यांतून पाणी गळतंय, नाकावरून गळतंय, पत्रिका कपाळाला चिकटलेली, आणि पोरगी जागची हलली नाही. तिनं हात बाजूला घेतले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "निष्कर्ष. यावरून असे सिद्ध होते की हवेला दाब असतो." त्यावर मोबाइलमागून बापाचा आनंदानं फुटलेला आवाज, "शाब्बास शिवे! लई भारी!"

मी तो घरी चार वेळा पाहिला आणि चारही वेळा पोट धरून हसलो. मग तो आमच्या स्टाफच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हसून घ्या," आणि तीन हसरे चेहरे.

एवढंच. मी आजवर केलेली सगळ्यात वाईट गोष्ट करायला मला चार सेकंद लागले, आणि ती करताना मी खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे तेच बोलत होते. मरखेलकर बाईंकडे बटणांचा फोन, त्या ग्रुपवर नव्हत्या. कुणीतरी आपल्या मोबाइलवर त्यांना दाखवला. बाईंनी शेवटपर्यंत पाहिला. हसल्या नाहीत. भाकरीचा डबा बंद करत मला विचारलं, "मग, हिला मार्क किती दिलं, सर?"

मी मार्क दिलेच नव्हते. "प्रयोग फसला ना, बाई," मी म्हणालो.

"पाणी डोक्यावर पडल्यावर उभं राहून निष्कर्ष सांगितलाय तिनं," बाई म्हणाल्या, आणि डबा घेऊन निघून गेल्या.

शिक्षकांचे मोबाइल घरी त्यांच्या पोरांच्या हातात असतात. कुणाच्या घरून तो व्हिडिओ नववीच्या पोरांकडे गेला ते कळलं नाही, मला ते शोधायचं धाडसही झालं नाही. दोन दिवसांत त्याचे स्टिकर झाले. बापाचं "शाब्बास शिवे" कापून त्याला गाण्याची चाल लावली. कुणीतरी तिच्या नावानं इंटरनेटवर पानच काढलं, आणि त्याखाली तिच्या रंगावर, दातांवर, अंगणातल्या शेणावर, बापाच्या आवाजावर लोक लिहू लागले. वर्गात ती शिरली की मागून कोरस, "हवेला दाब असतो!" तिच्या बाकावर बाटलीतलं पाणी ओतलेलं असायचं. ती रुमालानं पुसून बसायची. मी तास घेत होतो, मला तो ओला बाक दिसत होता. मी पोरांना गप्प केलं, पण का ओरडता म्हणून विचारलं नाही. त्या संध्याकाळी ग्रुपवरून माझा मेसेज पुसून टाकला. त्या जागी "हा मेसेज डिलीट केला आहे" एवढी ओळ उरली, आणि ती पंधरा जणांना दिसत होती. सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही, आणि मला ते सोयीचं वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात शिवकांता शाळेत यायची थांबली.

मुख्याध्यापकांचं म्हणणं, बोभाटा नको, शाळेचं नाव जाईल, थोड्या दिवसांनी पोरं विसरतात. बाई त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि व्हरांड्यात टाकीपाशी थांबल्या. तिथं भिंतीवर मुलांच्या मदतीचा नंबर निळ्या रंगात रंगवलेला होता. पाच वर्षं मी त्याच्यासमोर पाणी प्यायलो होतो. बाईंनी भिंतीवरच्या एकेका आकड्यावर बोट ठेवत आपल्या बटणांच्या फोनवर तो लावला. पलीकडच्या बाईंशी त्या पंधरा मिनिटं बोलल्या. बोलणं झाल्यावर तिथल्याच एका पोरीला म्हणाल्या, "तुझ्याकडं शिवकांताचं जे जे आलंय, ते पुसू नको. मला वाचून दाखव."

बाईंकडे मापाची एक लांबट वही होती, लाल कापडी पाठीची. उंची, बाही, कंबर, गळा, असे रकाने पाडलेली. त्या वहीत त्यांनी शिवकांताच्या नावानं पान घातलं. बाहीच्या रकान्यात नाव, कंबरेच्या रकान्यात तारीख, आणि पुढं काय लिहिलं ते, अक्षर न अक्षर. ती पोरगी मोबाइलमधून वाचायची, बाई लिहायच्या. घाण शब्द आला की पोरगी अडखळायची. "वाच," बाई म्हणायच्या, "लिव्हणाऱ्याला लाज वाटली न्हाई, तुला वाचताना कशाला वाटंल?" मी दारात उभा होतो. पानावर मला दिसलं, बाईंनी एक हा आकडा घालून त्यापुढची ओळ कोरी सोडली होती. लिहायला सुरुवात दोनपासून केली होती.

मग आम्ही शिवकांताच्या घरी गेलो. मी वर्गशिक्षक, म्हणून मला जावं लागलं. बसप्पांनी खाट टाकली, पाणी दिलं. माणूस आठ दिवसांत वाळला होता. "पोरगी माझ्याशी बोलंना, बाई," ते म्हणाले. "म्याच व्हिडिओ काढला. म्याच भावकीच्या ग्रुपवर टाकला, माझी शिवी कशी बोलती बघा म्हून. तिथूनच गेला आसंल. आता फोन बी नगं, शाळा बी नगं. बिदरला मावशीकडं धाडून देतो. पुढं बघू काय ते."

पुढं काय ते, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. पंधराव्या वर्षी मावशीकडे धाडलेली पोर शाळेत परत येत नाही, तिच्यासाठी स्थळ येतं.

बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी पाण्याचा तांब्या पाहत होतो.

नांदेडला सायबर पोलिसांकडे आम्ही तिघं गेलो, बाई, बसप्पा आणि मी. मला मोबाइलचं कळतं म्हणून. तिथल्या मॅडम तरुण होत्या, नीट बसवून ऐकलं. बाईंनी वही पुढं केली. मॅडम दोन पानं वाचून म्हणाल्या, "स्क्रीनशॉटही लागतील, पण असं तारीखवार कुणी आणत नाही, मावशी." मग त्यांचं बोट वरच्या ओळीवर थांबलं. "एक नंबर रिकामा का?"

"ते राह्यलंय," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा कुणी टाकला ते. ज्याला ठावं हाय तो लिव्हील."

बसप्पांनी हात जोडले. "मॅडम, ते म्याच. माझं नाव लिव्हा तिथं."

"काका," मॅडम म्हणाल्या, "आपल्या लेकीचा व्हिडिओ काढणं गुन्हा नाही. तिला शाब्बास म्हणणं तर नाहीच नाही."

बसप्पा रडले. चांगला धिप्पाड, क्विंटलभराची पोती तोलणारा माणूस टोपीत तोंड घालून रडला. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतो, आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. माझ्या नावाची चार अक्षरं उच्चारली असती तर त्याचं रडणं थांबलं असतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आजही त्या हाताची मला किळस येते.

परतीच्या बसमध्ये बसप्पा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले. नरसीच्या पुढं रस्ता खराब लागला. बाईंनी पिशवीतून एक ब्लाउज काढला, रीळ काढलं, आणि सुई माझ्यापुढं धरली.

"सर, एवढी ओवून द्या. मला दिसत न्हाई."

बस उसळत होती. मी सुई घेतली. दोनदा चुकलो, एकदा बोटात टोचून घेतली, तिसऱ्यांदा ओवली. बाई थांबल्या होत्या. ब्लाउजावर हात ठेवून, समोर पाहत, नुसत्या थांबल्या होत्या. मी त्या बाकड्यावरची पोरं पाहिली होती, मला सगळं कळत होतं. मी सुई त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "देगलूरला पोचायला सहा वाजतील बहुतेक."

"हाव," बाई म्हणाल्या. "वाजतील."

इंटरनेटवरचं ते पान आठ दिवसांत बंद झालं. ज्या चार पोरांनी ते चालवलं होतं त्यांना आईबापांसकट बोलावून पोलिसांनी समज दिली. मुख्याध्यापक त्यांना प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं करायला निघाले होते. बाईंनी अडवलं. "एका पोरीला समद्यांनी मिळून बघितलं, तेवढं पुरे झालं," त्या म्हणाल्या. त्या पोरांना त्यांनी महिनाभर शिवणाच्या खोलीत सुया ओवायला बसवलं. दर शनिवारी त्या शिवकांताला घेऊन नांदेडला समुपदेशक बाईंकडे जायच्या, सकाळच्या बसनं, डबा बांधून. पण पोरगी बापाशी बोलायला आणि शाळेत यायला तयार नव्हती. घरातूनच व्हिडिओ गेला, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

एका रविवारी बाई मला पुन्हा तिच्या घरी घेऊन गेल्या. का नेलं ते मला आता कळतं, ती त्यांनी मला दिलेली शेवटची संधी होती. शिवकांता उंबऱ्यात बसली होती. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मी अंगणात होतो, जिथं तिच्या डोक्यावर पाणी पडलं होतं तिथंच. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चपलेनं माती उकरत होतो.

"शिवे," बाई म्हणाल्या, "तुझ्या बापाकडून न्हाई गेला तो. शाळेतून गेला. आमच्यातल्या मोठ्यांनी बघून हसून घेतलं, तिथून गेला."

"कुणी?" शिवकांतानं विचारलं. ती शाळेत यायची थांबल्यापासून मी ऐकलेला तिचा तो पहिला शब्द.

"शाळा म्हंजे मीच की गं. माझ्याकडूनच समज."

पोरगी त्यांच्याकडे पाहत राहिली. "बाई, तुम्ही?"

बाईंनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. मी एक पाऊल पुढं टाकलं, हे मला नक्की आठवतं. दुसरं टाकलं नाही.

पुढच्या सोमवारी शिवकांता बापाच्या मोटारसायकलवर मागं बसून शाळेत आली. बसप्पा फाटकातून तिला वर्गात जाईपर्यंत पाहत उभे होते. ती दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. शिवणाच्या खोलीत मात्र ती पुन्हा गेली नाही. व्हरांड्यातून बाई येताना दिसल्या की ती टाकीला वळसा घालून जायची. बाई तिच्या पाठीकडे पाहत उभ्या राहायच्या आणि मग गळ्यातली टेप सारखी करून चालू लागायच्या. मी हे दीड वर्ष पाहिलं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं शाल-नारळ दिलं. पोरी पाया पडून रडत होत्या. शिवकांता दहावीची गुणपत्रिका न्यायला आली होती, ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती आणि कार्यक्रम संपायच्या आत निघून गेली. संध्याकाळी बाईंनी खोलीची किल्ली कार्यालयात दिली आणि जाताना ती लाल पाठीची वही माझ्या हातात ठेवली. "हे तुमच्याकडं असू द्या, सर," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर सहा महिन्यांत मी देगलूर सोडलं. लातुरात पगार जास्त मिळतो, असं मी लोकांना सांगितलं.

परवा ती आई मला देवमाणूस म्हणाली, आणि काल शनिवारी मी क्लासला सुट्टी घेऊन देगलूरला गेलो.

बाई भाचीकडे राहतात. दार उघडंच होतं. बाई खिडकीपाशी पाट टाकून बसल्या होत्या, गळ्यात टेप. हातात सुई होती आणि दोरा. त्यांनी दोरा जिभेवर ओला केला, सुई उजेडाकडे धरली, आणि दोरा सुईच्या बाजूनं निघून गेला. पुन्हा धरली. पुन्हा बाजूनं. मी आलोय हे त्यांना कळलेलं नव्हतं. तिसऱ्यांदाही दोरा हवेतच गेला. साखरेनं डोळे नेले होते.

"बाई," मी म्हणालो.

आवाजावरून ओळखलं. "सर! रा रा, कूर्चो." मी बसलो. सुई पुढं आली. "एवढी ओवून द्या."

मी ओवली. त्यांनी विचारपूस केली. मग सहज सांगावं तसं म्हणाल्या, "शिवकांता तुमच्याच लातुरात हाय. नर्सिंगला. तिचा बाप येऊन सांगून गेला. हॉस्टेलवर रविवारी चार ते सहा भेटू देतेत म्हणं."

"तुमच्याकडं येते का ती?"

"न्हाई," बाई म्हणाल्या, आणि ब्लाउजावर बटणाची जागा बोटांनी चाचपू लागल्या.

त्या "न्हाई"नंतर मी बोललो. सगळं. चार वेळा हसलो ते, तीन हसरे चेहरे, पुसलेला मेसेज, बसप्पाच्या पाठीवरचा हात, अंगणातलं न टाकलेलं पाऊल. पाच वर्षांचं साचलेलं होतं. बाई बटण लावत होत्या. त्यांना यातलं सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी त्या पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकत होत्या. माझं संपलं. मला वाटलं त्या म्हणतील, झालं गेलं, सर. खरं सांगायचं तर तेवढं ऐकायलाच मी गेलो होतो.

बाईंनी दोरा दातांनी तोडला.

"हं," त्या म्हणाल्या. "मग?"

मी उठलो. निघताना दारातून मागं पाहिलं. बाईंनी दुसरी सुई हातात घेतली होती आणि ओवायचा प्रयत्नही न करता तशीच, रिकामी, उजेडाकडे धरून बसल्या होत्या.

हे लिहून होतंय तोवर रविवारचे तीन वाजलेत. वही काढून पहिली ओळ भरली. बाहीच्या रकान्यात माझं नाव, कंबरेच्या रकान्यात तारीख, पुढं "हसून घ्या." वही पिशवीत घातली आहे. माझ्या घरापासून शिवकांताचं हॉस्टेल पायी वीस मिनिटांवर आहे.